स्तंभावरचे नाव

इंदूरहून सहलीस गेलेले आम्ही विद्यार्थी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरलो. तेथे एका स्तंभावर, प्राचीन रंगचित्राच्या अंगावरच, जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८१९ च्या एप्रिलात आपले नाव कोरून ठेवले आहे. शिकारीस आला होता म्हणे! ते नाव आज डोक्याहून उंच दिसते. कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग होता व तो त्यावर उभा होता. आम्हांस त्याचा मनस्वी संताप आला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "आपल्या श्वासानेही येथे दमटपणा वाढतो. चित्रांखालचा मातीचा गिलावा त्याने सैल होतो."

आम्ही गप्प झालो. आमच्यापैकी एकाच्या खिशात कर्कटक होते. आदल्या रात्री धर्मशाळेच्या भिंतीवर त्याच कर्कटकाने आम्हां सर्वांची नावे कोरली गेली होती.