धारप, वाडा आणि रात्रीचे साडेअकरा

हॉरर म्हटलं की तुम्हाला फक्त हॉलिवूड आठवत असेल, तर एका वीकेण्डला रात्री सदाशिव पेठेत चक्कर मारा. सॅकमध्ये नारायण धारपांचं एखादं पुस्तक मात्र मस्ट!

देवांना अशी नावं ठेवायची हिंमत पुणेकरच करू जाणे. सदाशिव पेठेत विठोबा उपाशी आहे, मारुती भिकारदास आहे, गणपती चिमण्या आहे आणि मुरलीधर तर चक्क खुन्या! सावकार दादा गद्रे यांनी १७९७ साली हे देऊळ बांधलं. मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी बाहेर चकमक उडाली, माणसं मेली आणि देवाला हे नाव कायमचं चिकटलं. आज आपण रिक्षावाल्याला ‘खुन्या मुरलीधरापाशी सोडा’ असं सांगतो, तेव्हा त्यातला खून ना त्याला ऐकू येतो, ना आपल्याला.

नारायण धारपांना मात्र तो नक्की ऐकू आला असता. रोजच्या, सवयीच्या, घरगुती गोष्टीत दडून बसलेलं काहीतरी ऐकू येणं, हीच तर त्यांची खासियत.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं इंट्रोडक्शन. धारपांचा जन्म १९२५चा. २००८ मध्ये ते गेले. शंभराहून जास्त पुस्तकं, त्यात विज्ञानकथाही, पण मराठी वाचकाच्या डोक्यात नाव फिट झालं ते भयकथांसाठी. ‘लुचाई’, ‘शपथ’, ‘चेटकीण’, ‘४४० चंदनवाडी’ ही नुसती नावं घेतली तरी आपल्या आधीच्या पिढीतला कुणीतरी ‘बाप रे!’ म्हणतोच.

मी सहावीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत मावशीकडे, पेठेतल्या वाड्यात पहिल्यांदा धारप वाचले. वाड्यात संडास चौकाच्या पलीकडे. मधे एक चाळीसचा बल्ब, एक आड आणि कायम कुलूप लावलेली एक खोली. पुस्तक संपवलं रात्री साडेअकराला. पुढचं काय सांगू? सकाळ होईपर्यंत कळ काढली! तेव्हापासून आजतागायत धारप सुटलेले नाहीत. नोकऱ्या बदलल्या, भाड्याच्या खोल्या बदलल्या, पण प्रत्येक शिफ्टिंगमध्ये धारपांचा खोका पहिला भरला जातो.

मग ते स्टीफन किंगचं काय?

कुठल्याही धारपभक्ताला कट्ट्यावर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. ‘लुचाई’ वाचून झाल्यावर किंगची १९७५ची ‘सालेम्स लॉट’ हातात घेतली, की काय ते समजतं. ‘शपथ’ आणि किंगची ‘इट’ यांचंही तेच. ‘आजी’ या कथेमागेही किंगचीच कथा आहे. इंग्रजी मीडियमवाली मित्रमंडळी हे फार खुशीत सांगतात. पहिल्यांदा हे कळतं तेव्हा लागतं, खोटं कशाला बोला! ज्याच्या पायी झोप घालवली तो माणूस दुसऱ्याचं घेऊन लिहीत होता?

आता त्यावर माझं मत असं. उसनं ते उसनं, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण गोष्टीचा सांगाडा अमेरिकेतून आणला म्हणून भीती आपोआप येत नाही. ‘सालेम्स लॉट’ वाचताना मी एन्जॉय करते, पण दिवा घालवून झोपते. धारप वाचले की दिवा चालू राहतो. कारण त्यांची माणसं आपल्या घरातली आहेत. पगार, पेन्शन, वडिलोपार्जित घर आणि ‘लोक काय म्हणतील’ यात अडकलेली. माळा, माजघर, परसातला आड, बंद खोली हे सगळं धारपांनी आपल्याकडचंच घेतलं. आणि स्वतः किंगनेही ‘सालेम्स लॉट’ लिहिताना ‘ड्रॅक्युला’चं देणं मान्य केलंय.

पुढची गंमत तर आणखी भारी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एका मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात धारपांची एक गोष्ट ऐकवली. त्या बीजातून २०१८ साली ‘तुंबाड’ आला. २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला!

खरी भीती कुठली?

या भागाने खरीखुरी भीतीही पाहिली आहे. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा जणांचे जीव गेले. त्यातलं जोशी कुटुंब टिळक रोडजवळच्या विजयनगर कॉलनीतलं. तेव्हा दिवेलागणीलाच दारं लागायची, बेल वाजली तरी कुणी उघडायचं नाही, असं जुनी माणसं अजून सांगतात. मारेकरी होते कॉलेजात शिकणारी मुलं. त्यांना ना कुठला मंत्र अडवू शकत होता, ना अंगारा.

धारपांच्या जगात तसं होत नाही. तिथे दुष्ट शक्तीलाही नियम असतात. कुणीतरी अभ्यास करून ते शोधतं आणि अगदी गळ्याशी आलं की समर्थ येतात. लोक धारप घाबरायला वाचतात हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं म्हणजे शेवटच्या पानावर हुश्श करणं.

हे मला नीट समजलं ते अलीकडे. वाडे एकेक करून पडतायत. मावशीच्या वाड्याच्या जागी आता लिफ्टवाली बिल्डिंग आहे. आड बुजवला आणि त्यावर पार्किंग आलं. मला वाटायचं, ज्या पोरांनी माळा पाहिला नाही, त्यांना धारप काय कळणार? टू-बीएचकेत भूत राहील कुठे?

पण पेठेत आता नवी वस्ती आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, गावोगावहून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी मुलंमुली. रात्री अभ्यासिका सुटल्यावर टपरीवर चहा पिणाऱ्या एकाच्या हातात ‘शपथ’ दिसलं. म्हटलं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, ‘‘वाटते ना ताई. पण ही पुस्तक संपलं की संपते. रिझल्टची चार वर्षं झाली, संपत नाहीये.’’

वाडा गेला, माळा गेला, तरी धारपांना नवा वाचक मिळतोय. त्यांची पुस्तकं पुन्हा छापली जातायत, ती उगाच नाही.

वीकेण्ड प्लॅन

कसं जाल? बाजीराव रोडवर दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यापासून सुरुवात करा. तिथून नागनाथ पार, मग खुन्या मुरलीधर आणि शेवटी सदाशिव पेठ हौद. पेशवाईत डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून शहरातल्या हौदांत यायचं. आपल्या पायाखाली असं काही आहे, हे रात्री चालताना आठवून बघाच!

काय वाचाल? नवखे असाल तर समर्थांच्या कथा. मग ‘लुचाई’. ‘शपथ’ सगळ्यात शेवटी, आणि तीन-चार दिवसांची सुट्टी टाकून.

कुठे मिळेल? अप्पा बळवंत चौकातली दुकानं आहेतच. पण जमलं तर लायब्ररीतून आणा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं आणि नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११चं, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. लायब्ररीच्या धारपांत एक एक्स्ट्रा मजा असते. आधीच्या कुणीतरी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असतं, ‘हे पान रात्री वाचू नये’.

आपण अर्थातच ते रात्रीच वाचायचं.