चार अक्षरांचे कुलूप

बंगळुरूमधील एका भाड्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेले होते आणि त्यावर करड्या रंगाची एक पेटी झाकण काढून ठेवलेली होती. शेजारी सोल्डरिंग आयर्न तापत होते. पेटी होती पहिल्या पिढीतील प्लेस्टेशनची. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या या यंत्राची युरोपीय आवृत्ती दुबईत नोकरीला असलेल्या मामाने १९९९ साली रत्नागिरीला आणली होती. तेव्हा शाळकरी असलेला तिचा मालक आता पस्तिशीच्या पुढे गेला होता. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून तो एका संशोधन संस्थेत शोधकयंत्रांवर काम करीत होता. गोंगाटात बुडालेला क्षीण विद्युत-संकेत वेगळा काढणे हा त्याचा रोजचा व्यवसाय. टेबलाच्या पलीकडे काही आठवड्यांसाठी आलेले त्याचे वडील बसले होते. त्यांनी पस्तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले होते.

वडिलांच्या तिथे बसण्याला एक जुना संदर्भ होता. मामाने यंत्राबरोबर दोनच खेळ आणले होते. गल्लीतल्या एका मुलाने मात्र आपल्या यंत्रात मुंबईहून चिप बसवून आणली आणि त्याच्याकडे बाजारातल्या नकली चकत्यांची चळत जमू लागली. आपल्याही यंत्रात ती चिप बसवावी, असा हट्ट या मुलाने धरला तेव्हा वडिलांनी एकाच वाक्यात विषय संपवला होता : “दुसऱ्याच्या कष्टाचं फुकट खायचं नाही.” दोन खेळ दहा-दहा वेळा खेळून संपले, यंत्र कपाटावर गेले आणि मुलगा पुढे शिकायला निघून गेला.

आता तोच मुलगा तीच चिप स्वतःच्या हाताने बसवत होता.

“तेव्हा नको म्हटलं होतं. आता का?” वडिलांनी विचारले.

“बाबा, या चकत्या बघा. दोन्ही अस्सल आहेत. मी पैसे मोजून घेतल्यात. तरी हे यंत्र त्या चालवत नाही.”

चकत्या जपानी होत्या. डॉक्टरेटनंतर त्याने दोन वर्षे सुकुबा येथे काम केले होते. तिथून निघणारी सुकुबा एक्सप्रेस टोकियोच्या ज्या अकिहाबारा स्थानकावर संपते, त्या परिसरात जुन्या खेळांची दुकाने आहेत. एका रविवारी तिथे त्याने लहानपणी केवळ नाव ऐकलेले दोन खेळ विकत घेतले. घरी येऊन कपाटावरची पेटी उतरवली, चकती घातली आणि पडद्यावर खेळाऐवजी प्लेस्टेशनची चकती घालण्याची सूचना उमटली. प्लेस्टेशनचीच चकती आत फिरत असताना!

हा नकार कोठून येतो हे समजण्यासाठी चकतीकडे जरा जवळून पाहावे लागते. चकतीच्या खालच्या बाजूचा काळा रंग हे नकलेविरुद्धचे संरक्षण असावे, असा अनेकांचा समज असे. वस्तुतः आपल्या डोळ्यांना काळे दिसणारे ते प्लास्टिक सीडी वाचणाऱ्या ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त लेसरला जवळजवळ पारदर्शक असते. त्या रंगाचा कुलपाशी काहीही संबंध नाही.

खरे कुलूप आहे चकतीवरील मार्गाच्या आकारात. सीडीवरची माहिती आतून बाहेर उलगडत जाणाऱ्या एकाच सर्पिल मार्गावर सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते. या सर्पिलाच्या दोन लगतच्या फेऱ्यांमधील अंतर सुमारे १.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोक्यावरील केसाच्या जाडीत अशा कित्येक फेऱ्या मावतील. फिरणारी चकती थोडीफार डगमगतेच. म्हणून लेसरचा किरण मार्गावरून किती ढळला याचे मोजमाप अखंड चालू असते. या मोजमापातून एक त्रुटी-संकेत निर्माण होतो आणि त्या आधारे भिंग क्षणोक्षणी पुन्हा मार्गावर आणले जाते. सामान्य सीडी-प्लेअरच्या दृष्टीने हा संकेत म्हणजे केवळ चूक. ती दुरुस्त करायची आणि विसरून जायची.

प्लेस्टेशनच्या अभियंत्यांनी नेमकी याच चुकीत खूण लपवली. चकतीच्या सर्वांत आतल्या प्रास्ताविक पट्ट्यात मार्ग सरळ न ठेवता त्याला अगदी सूक्ष्म नागमोडी कंप दिला. त्या कंपात चार अक्षरे गुंफलेली असतात : जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपासाठी एससीईई. यंत्र सुरू होताना ती अक्षरे त्रुटी-संकेतातून वेचते. वेग अगदी संथ, सेकंदाला २५० बिट. प्रत्येक अक्षराचे ८ बिट आणि आरंभ-अंत दाखवणारे ३ बिट धरले, तर चार अक्षरांचे ४४ बिट होतात आणि ते वाचायला १७६ मिलिसेकंद लागतात. ही अक्षरे सापडली तरच दार उघडते.

संगणकावर केलेली नक्कल इथे हमखास पकडली जाते. नक्कल करणारा ड्राइव्ह मूळ चकतीवरील बिट अचूक वाचतो. मार्गाचा कंप मात्र त्याच्या सर्वो-यंत्रणेने आधीच चूक म्हणून पुसून टाकलेला असतो, त्यामुळे तो संगणकापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय कोऱ्या सीडीवर मार्गाची खाच कारखान्यातच कोरलेली असते. तिला स्वतःचा वेगळा कंप असतो आणि लिहिणारा लेसर त्या खाचेला धरूनच चालतो. त्याला बिट लिहिता येतात, मार्ग वळवता येत नाही.

मुलाने हे समजावून सांगितले तेव्हा वडील हसले. “वर्गात हेच व्हायचं. नक्कल करणारा उत्तर उतरवतो, हात नाही उतरवू शकत.”

बसवायची चिप होती ॲटटायनी८५, आठ पायांची आणि बोटाच्या नखावर मावणारी. नव्वदच्या दशकात याच कामासाठी पीआयसी१२सी५०८ ही चिप सर्रास वापरली जाई. तिची आज्ञावली ५१२ शब्दांच्या स्मृतीत बसत असे. चिपचे काम एवढेच : चकतीकडून येणारा खरा कंप-संकेत दाबून धरायचा आणि त्या जागी ठरावीक गतीने ती चार अक्षरे यंत्राला ऐकवायची. सुरुवातीच्या चिपा ही अक्षरे अखंड पुटपुटत राहत. पुढे काही खेळ असे निघाले, की जिथे कंप असणारच नाही अशा जागी मुद्दाम तपासणी करत आणि तिथेही अक्षरे ऐकू आली तर चिप आहे हे ओळखून थांबत. म्हणून आताची चिप चकतीचा कोणता भाग वाचला जात आहे यावर लक्ष ठेवते, प्रास्ताविक पट्ट्यातच बोलते आणि मग गप्प बसते.

एस. पी. रोडवरून आणलेली पाव मिलिमीटर जाडीची तार, फ्लक्स, भिंग अशी सर्व तयारी झाली. वीजपुरवठ्याचा भाग त्याने सर्वांत आधी वेगळा करून दूर ठेवला, कारण प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये विद्युतभार काही काळ टिकून राहू शकतो. एकूण सहा तारा जोडायच्या होत्या : दोन विजेच्या, दोन ऐकण्याच्या, एक बोलण्याची आणि एक खरा संकेत दाबून धरण्याची. चौथ्या तारेच्या वेळी हात क्षणभर जास्त थांबला आणि पाटीवरचा तांब्याचा इवलासा ठिपका उष्णतेने उचकटून तारेबरोबर वर आला. टेबलावर शांतता पसरली. या पाटीला दुसरी जोड नव्हती. मामा आता हयात नव्हता. भिंगातून पाहत त्याने त्या ठिपक्याकडे जाणारी तांब्याची रेघ मागे मागे शोधली. थोड्या अंतरावर तिच्यावरचा हिरवा लेप पात्याने हळूच खरवडला आणि तिथे तार जोडली. पुढची पाच मिनिटे तो काही न करता नुसता बसून राहिला.

यंत्र सुरू केले. जपानी चकती फिरली आणि पडद्यावर पुन्हा तीच सूचना आली.

त्याने सर्व जोड तपासले. ऑसिलोस्कोपवर पाहिले, तर अक्षरे अगदी योग्य गतीने जात होती. एकेक बिट ४ मिलिसेकंदांचा.

“कोणती अक्षरं पाठवतोयस?” वडिलांनी विचारले.

“एससीईआय. चकती जपानची आहे ना.”

“चकती जपानची. पण दार कोणाचं?” वडील म्हणाले. “पाहुण्यानं स्वतःचं गाव सांगून काय उपयोग? दारावरच्याला जे नाव हवंय ते सांग.”

चूक खरोखरच तिथे होती. चकतीने अस्सल असणे या यंत्राला पुरेसे नव्हते. ती त्याच्याच बाजारपेठेतली असावी, अशी त्याची अट होती. चार अक्षरांपैकी पहिल्या तिघांचा प्रश्न ‘तू खरा का?’ असा होता, तर चौथ्याचा ‘तू कुठला?’ असा. अकिहाबाराच्या चकतीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले होते आणि दुसऱ्यात ती नापास झाली होती. आज्ञावलीत एक अक्षर बदलले, चिप पुन्हा भरली, आणि या वेळी काळ्या पडद्यावर प्लेस्टेशनचे चिन्ह उमटून खेळाचे संगीत सुरू झाले.

प्रयोग इथे संपला नव्हता. चिप नेमके काय करते हे कळायचे तर नियंत्रण-चाचणी हवी. मामाने आणलेली युरोपीय चकती लावली, ती पूर्वीसारखीच चालली. मग त्याने खोक्याच्या तळातून एक पांढरी चकती काढली. तिच्यावर शाईने नाव लिहिलेले होते. गल्लीतल्या त्या मुलाने वीस-बावीस वर्षांपूर्वी दिलेली ही नक्कल या यंत्रात कधीच चालली नव्हती. आता तीही चालू झाली, तितक्याच सहजपणे आणि त्याच चिन्हासह.

दोघेही काही वेळ पडद्याकडे पाहत राहिले. पैसे मोजून घेतलेली परदेशी चकती आणि फुकट मिळालेली नक्कल यांत मूळ कुलपाला भेद करता आला नव्हता, त्याने दोघींना सारखेच बाहेर ठेवले होते. चिपलाही तो भेद कळत नव्हता, तिने दोघींना सारखेच आत घेतले.

कायदाही या पेचात सापडलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने २००५ साली स्टीव्हन्स विरुद्ध सोनी खटल्यात असा निर्णय दिला, की हे कुलूप नक्कल करण्यास प्रतिबंध करत नाही, आधीच झालेली नक्कल चालू देत नाही एवढेच. म्हणून तेव्हाच्या व्याख्येनुसार ते संरक्षित उपाय ठरत नाही. पुढे तिथला कायदाच बदलण्यात आला. भारतात १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ घालण्यात आले. तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली, तेव्हापासून विकत घेतलेल्या वस्तूवर मालकाची सत्ता किती, हा प्रश्न ट्रॅक्टरपासून मोबाइलपर्यंत विचारला जात आहे. हेतू हा शब्द मात्र त्या सर्व चर्चेत अवघडच राहतो, कारण तो कोणत्याही त्रुटी-संकेतातून वाचता येत नाही.

वडिलांनी पांढरी चकती बाहेर काढायला सांगितली. ती हातात घेऊन त्यांनी शाईतले अक्षर वाचले आणि पुन्हा पाकिटात घातली.

“इतकी वर्षं राखण ते यंत्र करत होतं,” ते म्हणाले. “आता तुला करावी लागेल.”

मुलाने पेटीचे झाकण बसवले, स्क्रू पिळले. पांढरी चकती त्याने फेकली नाही आणि लावलीही नाही. मग त्याने अकिहाबाराची चकती पुन्हा आत ठेवली आणि जुना कंट्रोलर वडिलांच्या हाती दिला. खेळ जपानी भाषेत होता. दोघांनाही एक अक्षर वाचता येत नव्हते. कोणते बटण दाबले की काय होते, हे ते रात्री बराच वेळ एकेक करून तपासत राहिले.