समुद्र, शहर आणि सुपा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की रामनगरच्या नाक्यावर रस्ता ओलांडायला ताटकळावं लागतं. बेळगावाकडून गाड्यांची रांगच्या रांग येत असते. एमएच १२, एमएच १४, केए २२, केए २५. टपावर बांधलेल्या बॅगा, काचेला नाक लावून बसलेली पोरं, एखाद्याच्या गळ्यात घरूनच फुगवून आणलेली पोहायची रिंग. सगळे अनमोडचा घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्याकडे निघालेले. मे महिन्यात पुन्हा तीच वर्दळ. आणि रात्री जेवणं आटोपून अंगणात बसलं की उलट दिशेनं, धारवाडमार्गे बेंगळूरला जाणाऱ्या बसगाड्या दिसतात. आत निळा दिवा, पडदे ओढलेले. जोयडा तालुक्याच्या या टोकाला राहणाऱ्या आम्हा लोकांच्या दारावरून अशा सगळ्यांच्या सुट्ट्या जातात. एकीकडे घाट उतरला की समुद्र, दुसरीकडे पठार धरून गेलं की शहर.

यंदा तो प्रश्न आमच्याच घरात शिरला. मुलगी बेळगावात कॉलेजला आहे. तिची परीक्षा झाली की चार दिवस कुठेतरी जायचं हे ठरलं, पण कुठे यावर एकमत होईना. बायकोचं म्हणणं, काणकोणच्या बाजूला समुद्राला लागून एखादं रिसॉर्ट बघा. मुलीचं म्हणणं, बेंगळूर. मी खर्चाचं आणि बसच्या वेळांचं बोलू लागलो, पण खर्च हा मुद्दाच नव्हता.

हिला पोहायचं नाही. घोट्यापलीकडे ती पाण्यात जात नाही. मासळीचीही फार ओढ नाही. “अहो, सकाळी उठल्यावर हातात आयता चहा मिळावा,” ती म्हणाली, “आणि आज जेवायला काय, असं कुणी विचारू नये. मग समोर समुद्र असला तर चांगलंच.” मुलीचं कारण वेगळं. “बाबा, इथं नाक्यावर गेले तरी तीन जण विचारतात, कुणाची गं तू? तिथं कुणी विचारणार नाही.” तिला मेट्रोत बसायचंय, विश्वेश्वरय्यांच्या नावाचं संग्रहालय बघायचंय, चर्च स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानांत दुपार घालवायचीय, आणि मुख्य म्हणजे हे सगळं कुणाच्या नजरेखाली न वावरता करायचंय.

दोघींचंही मला पटलं, आणि तिथंच खरी अडचण सुरू झाली.

शहराला नावं ठेवणं आपल्याकडे फार सोपं झालंय. सुट्टीत शहरात कसले जाता, असं म्हणणारा माणूस बहुधा पुरुष असतो, आणि त्याला कुठेही गेलं तरी अडवणारं कुणी नसतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला लालबागेत एकटीनं बाकावर बसून शेंगा खाता येणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते तिला विचारावं. लालबाग तर हैदरअलीच्या काळापासूनची. आपल्या शहाजीराजांची जहागीर होती ते हेच बेंगळूर. तेव्हा आम्हा मराठी माणसांनी त्या शहराला परकं मानायचं काही कारण नाही. शहरात गर्दी असते हे खरं, पण त्या गर्दीतच मुलीला मोकळं वाटतं. रामनगरात रस्ते रिकामे असतात आणि प्रत्येक खिडकीत डोळे असतात.

समुद्राची ओढही खोटी नाही. १८८३ साली बावीस वर्षांचे रवींद्रनाथ टागोर कलकत्त्यासारखं शहर सोडून कारवारला येऊन राहिले होते. थोरले भाऊ सत्येंद्रनाथ तिथं न्यायाधीश होते. कारवारचा किनारा आज रवींद्रनाथांचं नाव लावतो. पण त्यांच्या आठवणींतला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग किनाऱ्यावरचा नाही. चांदण्या रात्री ते मंडळींसह होडीतून काळी नदीत शिरले, काठाच्या डोंगरी किल्ल्यापाशी उतरले आणि एका शेतकऱ्याच्या झाडून लख्ख केलेल्या अंगणात बसून बरोबर आणलेलं जेवण जेवले. परतीला ओहोटीबरोबर होडी सोडून दिली. समुद्रावर सुट्टीला आलेला महानगरातला कवी अखेर कुणाच्या तरी अंगणात जाऊन बसला, हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. सारवलेल्या अंगणाचा तो गारवा आमच्याही पायांना माहीत आहे.

ज्या नदीत ते शिरले ती आमची. जोयड्यातल्या डिग्गीच्या डोंगरात काळी उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. वाटेत तिला सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं अडवतात. म्हणजे हिला हवा असलेला समुद्र आणि मुलीला हवं असलेलं शहर ही दोन्ही टोकं या एका नदीला बांधलेली आहेत. पाणी समुद्राकडे जातं आणि वीज शहराकडे. कर्नाटकात नदीची वीज शहराला नेण्याची रीत जुनीच. शिवनसमुद्राच्या वीजघरातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली आणि १९०५ मध्ये बेंगळूरचे रस्ते उजळले. आमचा नंबर पुष्कळ पुढे लागला.

गणेशगुडीचं सुपा धरण १०१ मीटर उंच आहे. १९८७ साली ते पुरं झालं. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा नावाचं गाव होतं. तालुक्याचं ठिकाण, बाजारपेठेचं गाव. तालुक्याला सुपा हेच नाव होतं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून तेच येतं. ते सगळं गाव पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला हलल्या, माणसं बरीचशी रामनगरला आली. माझ्या आईचं माहेर सुप्यात होतं.

वडील जगलबेटला मराठी शाळेत शिक्षक. शाळेला सुट्टी पडली की दुसऱ्या दिवशी आई आम्हा भावंडांना घेऊन निघायची. यंदा कुठे जायचं, हा प्रश्न आमच्या घरात कधी उच्चारला गेला नाही. काजूची बोंडं, करवंदं, नदीवरचं डुंबणं, मामाच्या खांद्यावरून पाहिलेला बाजार, हे सगळं सगळ्यांच्या आजोळी असतं तसं आमच्याही होतं, त्याबद्दल फार सांगत नाही. एक गोष्ट मात्र सांगतो. सुप्याच्या घरी मी आईला दिवसा झोपलेली पाहायचो. माजघरात, उंबऱ्यापासून हातभर आत, भुईवर नुसती चटई टाकून, पाय लांब सोडून. पदर चेहऱ्यावर ओढलेला. पायांत जोडवी, टाचांना भेगा, आणि त्या भेगांत आजीनं सकाळी चोळलेलं कोकमाचं तेल चमकतंय. जगलबेटला मी तिला दिवसा आडवी झालेली पाहिली ती फक्त तापात. त्यामुळे पहिल्यांदा सुप्यात ती तशी दिसली तेव्हा मी घाबरून तिला हलवलं होतं. आजी मागून आली आणि तोंडावर बोट ठेवून मला अंगणात घेऊन गेली.

आणि आम्ही पोरं? आम्ही कुठे आहोत हे दिवसभर कुणाला ठाऊक नसायचं. जेवायच्या वेळी हाक यायची, ऐकू आली तर यायचं. न आल्यास दुसऱ्या कुणाच्या घरी पेज मिळायची.

आज हिला रिसॉर्टमध्ये जे हवंय ते माझ्या आईला सुप्याच्या माजघरात मिळत होतं. मुलीला बेंगळूरच्या रस्त्यांवर जे हवंय ते आम्हाला संगमावरच्या वाळूत मिळत होतं. एकाच घरात, एकाच वेळी, फुकट. त्या घराचे आता दोन तुकडे झालेत. विसावा समुद्राकाठी विकत मिळतो आणि मोकळेपण शहरात शोधावं लागतं. म्हणून तर निवड करायची पाळी येते. आमच्या घरावरून धरणाचं पाणी गेलं, पण ही पाळी पुण्या-मुंबईतल्या शेकडो घरांवर धरणाशिवायच आली. कुणाचं आजोळ वाटणीत गेलं, कुणाचं विकलं गेलं, कुणाचं आजीबरोबर मिटलं.

रामनगरला मामाला प्लॉट मिळाला. दगडाळ माळ, पाण्याची ओरड, दोन खोल्यांचं घर. आजी तिथंही तेल चोळायला बसली असती. पण पुढे वडिलांनीही इथंच घर बांधलं आणि आईचं माहेर दोन गल्ल्यांवर आलं. सकाळी जाऊन दुपारी परत येण्याच्या अंतरावर माहेरपण होत नाही. आई नंतर कधी दिवसा झोपली नाही.

आता खरी नवलाची गोष्ट अशी की शहरातली माणसं सुट्टीला आमच्याकडे येऊ लागली आहेत. गणेशगुडीपासून जोयडा, कुंभारवाड्यापर्यंत रिसॉर्ट आणि होमस्टे उभे राहिलेत. दांडेलीचं अभयारण्य आणि अणशीचं राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळीचं नाव मिळालं, तेव्हापासून ही ये-जा वाढली. पाहुणे काळीत राफ्टिंग करतात. वीजघरातून पाणी सोडलं की नदीला जोर येतो आणि तराफे उसळतात. यात पुष्कळ घरांना रोजगार मिळाला आणि मला त्याचं मनापासून बरं वाटतं. आमच्या कुणबी बायांनी परसात पिकवलेले कंद, माडी, काटेकणगी, करांदे, पूर्वी परसातच राहायचे. आता जोयड्यात त्यांचा मेळा भरतो आणि लोक पिशव्या भरभरून नेतात. उळवीला माघात चन्नबसवेश्वराच्या जत्रेला धारवाडाकडून बैलगाड्या जुंपून माणसं येतात, ती तर कितीतरी पिढ्या येताहेत. जंगलात पाहुणा येणं आम्हाला नवं नाही.

माझं भांडण आहे ते दोन रात्रींशी. शनिवारी यायचं, रविवारी संध्याकाळी निघायचं. आमच्या घरामागे चढावर एक जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी उन्हाळ्याआधी शिरते आणि तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवून. नर दिवसभर उंबराची, वडाची फळं घशात साठवून आणतो आणि ढोलीच्या कडेला पायांनी घट्ट धरून एकेक फळ वर काढून त्या फटीतून आत देतो. एक फळ, मग दुसरं. फट इतकी अरुंद की आतली चोच क्षणभरच दिसते. दोन रात्रींचा पाहुणा हे पाहतो, फोटो काढतो, खूश होऊन जातो. पण ते लिंपण फोडून पिलू बाहेर कधी येणार हे बुकिंग करताना सांगता येत नाही. त्यासाठी मे महिनाभर इथं काही न करता राहावं लागतं. सुट्टी लांब हवी, रिकामी हवी, आणि ती कुणाच्या तरी घरात हवी. समुद्र की शहर यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

हे सगळं मी घरात बोलून दाखवलं. मुलगी ऐकत होती, ही भाजी निवडत होती. मग हिनं मान वर न करता विचारलं, “सुप्यात तुमची आई झोपायची तेव्हा भाकऱ्या कोण थापत होतं?”

मामी. आजी तेल चोळायची, मामी चुलीपाशी असायची. आमच्या मोकळेपणाची पेज, आईच्या झोपेची भाकरी मामीच्या हातची होती. मामीला विसावा मिळायचा तो तिच्या माहेरी, हल्याळकडे, आम्ही परत गेल्यावर. इतकी वर्षं त्या घराची आठवण काढताना मामीचा चेहरा माझ्यासमोर कधी आला नव्हता. हिला तो पहिल्यांदा दिसला, कारण आज या घरातली मामी तीच आहे. पुण्याच्या बहिणीचा नुकताच फोन आला होता. मेहुण्यांनी गोव्यातलं बुकिंग पाहून ठेवलं होतं, पण भाचरं म्हणताहेत मामाकडे जायचं, महिनाभर. “दादा, ठेवशील ना?” मी तत्काळ हो म्हटलं होतं. ते हो कुणाच्या जिवावर होतं, हे हिच्या त्या एका प्रश्नानं मला विचारलं.

मग तीन संध्याकाळी बोलणं चाललं आणि ठरलं ते असं. आम्ही दोघं एप्रिलच्या अखेरीस कारवारला जातोय, अणशीच्या घाटानं, नदीच्या सोबतीनं. समुद्र दिसेल अशी खोली आणि जेवणाखाणासकट. मुलगी मैत्रिणीबरोबर बेंगळूरला जाईल. रात्रीच्या त्याच बसनं, जी आम्ही अंगणातून जाताना बघतो. दिवसातून एकदा तिनं फोन करायचा, आम्ही करायचा नाही. मे लागला की भाचरं येतील, बहीणही पहिले आठ दिवस राहील. मागच्या खोलीची कौलं त्याआधी शाकारून घ्यायची आहेत.

आणि स्वयंपाकघर महिनाभर दोघांत वाटायचं. सकाळचा चहा, न्याहारी आणि दुपारची पेज माझ्याकडे, रात्रीचं जेवण हिच्याकडे. दुपारी जेवणं झाली की ही आणि बहीण दोघींनी माजघरात चटई टाकायची, भांडी मी घासणार. हिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मेची वाट कशाला, उद्यापासूनच सुरू करा. आज सकाळी तांदूळ मी वैरला. पेज जरा दाट झाली, पण दोघींनी पुन्हा वाढून घेतली.