नाव नसलेली नोंद

निजामी राजवटीतील नागरी हक्कांच्या चळवळी हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय. विषय मंजूर झाला तेव्हा वाटले, आता फक्त ग्रंथालयात बसायचे! हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेआधीच बंदी आली. सत्याग्रह झाला. ज्यांचे नाव आज आपल्या नांदेडच्या विद्यापीठाला आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. हे सारे पुस्तकांत मिळाले.

पण आपला हिंगोलीचा भाग यात कोठे होता? तो तेव्हा परभणी जिल्ह्यात होता आणि पैनगंगा ही सरहद्द होती. पलीकडे वऱ्हाडात १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य आले. अलीकडे १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. मधल्या तेरा महिन्यांत नदीकाठच्या घरांत काय घडले, हे विचारायला मी एका आजींकडे गेले.

तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. गवताच्या भाऱ्यात भाकरी लपवून त्या मळ्यात पोचवत. खाणारे कोण, हे आईने कधी सांगितले नाही. पोलिसांनी दरडावले तरी पोरीला काही सांगताच येऊ नये, म्हणून!

सगळे सांगून झाल्यावर मी संमतिपत्र पुढे केले. आजींनी हात मागे घेतला.

"गोष्ट लिही माय, नाव नको लिहू."

"आजी, आता कोण पकडणार आहे?"

त्या हसल्या. "कोनी पकडत नाही, ठावं हाय मला. पर मायनं नको म्हन्लं व्हतं."

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "नावाशिवाय पुरावा दुबळा ठरतो." त्यांचेही खरेच होते. आजींना पुन्हा गळ घालावी, असे दोन-तीनदा मनात आले. मग वाटले, ज्या राजवटीत बोलायची चोरी होती, तिच्यावर प्रबंध लिहिणाऱ्या मीच एका म्हातारीला बोलायची सक्ती करावी काय?

नोंद तशीच ठेवली आहे: एक स्त्री, पैनगंगाकाठ. परीक्षकांनी विचारलेच तर सांगेन, नाव मला ठाऊक आहे. ते द्यायचे की नाही, हा हक्क आजींचा आहे.