फक्त कुजबुज

मराठीत सैतान फार स्वस्त झालाय. खोड्या काढणारं पोर सैतान, रात्री अकरा वाजता भिंतीला ड्रिल लावणारा शेजारी सैतान, आणि पेपरात काही भयंकर छापून आलं की ‘अंगात सैतान संचारला’ हे ठरलेलंच. हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. त्याचं हिब्रूतलं भावंड ‘सातान’, म्हणजे विरोधक, आड येणारा. माझ्या मराठी बायबलमधला सैतान आणि शेजारच्या घरातल्या कुराणातला शैतान असे एकाच कुळातले. पण दोघांच्या गोष्टीत फरक आहे, आणि तो फरक मला पुस्तकाच्या आधी गल्लीत कळला.

मी बीदर जिल्ह्यातली, भालकीची. घरात मराठी, बाजारात कन्नड, गल्लीत दखनी आणि शाळेत इंग्रजी अशी आमची चौपदरी जीभ. कॅथलिक आमच्याकडे मूठभर. बीदर भागात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आधी मेथडिस्ट आठवतात; आमचा गुलबर्गा धर्मप्रांत तर २००५ मध्ये स्थापन झाला. त्यामुळे लहानपणी माझं धार्मिक शिक्षण दोन ठिकाणी व्हायचं. रविवारी चर्चमध्ये, आणि बाकीचे सहा दिवस शेजारच्या खालाच्या ओट्यावर.

खालाच्या घरी शैतान रोज यायचा, पण त्याची भीती अशी कुणाला नव्हती. तो घरात शिरू पाहणाऱ्या मांजरासारखा होता. “जम्हाई आई तो मुंह पो हात रखो, नै तो शैतान अंदर घुसता.” “डावे हात से नक्को खाओ, वो शैतान की आदत है.” माझ्याशी बोलताना ती दखनीत असे मराठी शब्द खुशाल मिसळायची. बिस्मिल्ला न म्हणता घास घेतला तर तो ताटात वाटेकरी होतो. कुणाबद्दल चांगली बातमी सांगताना ती आधी म्हणायची, “शैतान के कान बहरे!” आणि कुराण उघडण्याआधी ‘अऊजुबिल्लाह’, म्हणजे धिक्कारलेल्या शैतानापासून अल्लाहकडे आसरा मागणं. हे सगळं मी तिच्याकडे इतक्यांदा ऐकलं की आजही जांभई आली की माझा हात आपोआप तोंडावर जातो.

इब्लिसची गोष्टही तिनेच सांगितली. कुराणात ती सात ठिकाणी येते. अल्लाहने आदमला मातीपासून घडवलं आणि सगळ्यांना त्याच्यापुढे झुकायला सांगितलं. सगळे झुकले, इब्लिस झुकला नाही. तो म्हणाला की मी आगीपासून झालोय, हा मातीपासून. मी याच्यापेक्षा श्रेष्ठ. त्याला हाकलण्यात आलं. तेव्हा त्याने कयामतीपर्यंतची मुदत मागितली आणि ती त्याला मिळाली. या मुदतीत तो माणसांना वाटेवरून ढळवणार.

आपण वर्गात मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ वाचतो, ‘ख्रिस्तपुराण’ तर आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याचं. फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या त्या पुराणातही लुसिफेराचं पतन आहे. त्यामुळे अहंकाराने पडलेला देवदूत आपल्याला नवा नाही. इब्लिस देवदूत होता की जिन, यावर मात्र मुस्लिम भाष्यकारांत जुना वाद आहे. कुराणातल्या अठराव्या सुरेत त्याला जिनांपैकी एक म्हटलंय, आणि देवदूत तर आज्ञा मोडूच शकत नाहीत असं पुष्कळजण मानतात. आणखी एक गंमत म्हणजे आदमापुढे झुकायला नकार देणारा सैतान ‘आदाम आणि हव्वेचं चरित्र’ या जुन्या, बायबलमध्ये न घेतलेल्या ग्रंथातही भेटतो.

मला मुलगी म्हणून जास्त भावलेला फरक वेगळा होता. आमच्या उत्पत्तीच्या पुस्तकात साप हव्वेशी बोलतो, ती फळ खाते आणि नवऱ्याला देते. मग पिढ्यान्पिढ्या प्रवचनांत तिचंच नाव निघतं. कुराणात शैतान दोघांना भुलवतो, दोघं घसरतात, दोघं क्षमा मागतात, आणि क्षमा मिळते. पुढच्या माणसांवर त्या पापाचा वारसा येत नाही. प्रत्येकाचा हिशोब कोरा सुरू होतो.

आता आमच्या भागाबद्दल थोडं, कारण सैतान आणि ‘बाहेरची बाधा’ यांची इथे फार सरमिसळ होते. कलबुर्गी जिल्ह्यातलं गाणगापूर तुम्हाला माहीत असेलच. भीमा-अमरजेच्या संगमाजवळचं हे दत्तस्थान; सोलापूर, लातूर, पुण्याकडून मराठी माणसं तिथे जातात, आणि त्यांत भूतबाधा झाली म्हणून आणलेले असतात. त्याच जिल्ह्यात, कलबुर्गी शहरात, ख्वाजा बंदे नवाजांचा दर्गा आहे. तिथेही सगळ्या जातिधर्मांची माणसं दुखणी घेऊन येतात. कुणी नोकरीसाठी, कुणी मुलासाठी, कुणी ‘असर झालाय’ म्हणून. एकाच कुटुंबाने एकाच प्रवासात दोन्ही ठिकाणी जाणं आमच्याकडे नवलाचं नाही. पण लोकांच्या समजुतीत अंगात येतो तो जिन किंवा भूत. शैतानाचं मुख्य काम वेगळं आहे. तो कानाशी लागतो. या कुजबुजीला वसवसा म्हणतात. कुराणाची शेवटची सुरा या कुजबुज करणाऱ्यापासूनच आसरा मागते. तिथे त्याला ‘खन्नास’ म्हटलंय: कुजबुजतो आणि अल्लाहची आठवण काढली की मागे सरकून दडतो.

हा शब्द मला नीट कळला तो एका मैत्रिणीमुळे. तिची परवानगी घेऊन लिहितेय. नाव लिहिणार नाही.

आम्ही बारावीत असताना तिचा वजू लांबायला लागला. नमाजाआधी हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुवायचे, ओला हात डोक्यावरून फिरवायचा, मग पाय. हे सगळं तीन-चार मिनिटांचं काम. तिला आधी दहा मिनिटं लागायला लागली, मग वीस, मग चाळीस. कोपर कोरडं राहिलं असेल. नाकात पाणी गेलंच नसेल. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात ती एका नमाजाला दोन बादल्या संपवायची. हातांची सालं निघाली होती. नमाजात उभी राहिली की मनात अल्लाहबद्दल घाणेरडे विचार यायचे. ते काय होते हे तिने मला कधीच सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, “मी मुसलमान राहिले नाही गं.”

घरातले घाबरले. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं जिन आहे. ताईत बांधून झाला, पाणी फुंकून झालं. मग तिच्या मामांनी तिला एका म्हाताऱ्या मौलवींकडे नेलं. मी सोबत गेले होते, दाराशी बसून ऐकत होते. मला वाटलं होतं धूर-बिर करतील. त्यांनी चहा मागवला आणि तिला एक जुनी गोष्ट सांगितली. पैगंबरांच्या साथीदारांनी त्यांच्याकडे तक्रार केली होती की आमच्या मनात असे विचार येतात की ते तोंडाने उच्चारण्यापेक्षा मेलेलं बरं. पैगंबर त्यांच्यावर रागावले नाहीत. तुम्हाला त्या विचारांची एवढी किळस वाटते हाच तर तुमचा ईमान, असा त्यांच्या उत्तराचा अर्थ. आणि दुसऱ्या एका प्रसंगी, शैतानाचं सगळं कारस्थान नुसत्या कुजबुजीवर आणून ठेवलं म्हणून त्यांनी अल्लाहचे आभार मानले होते.

मैत्रीण तिथे जी रडायला लागली ती बराच वेळ थांबलीच नाही.

मौलवींनी तिला नियम घालून दिला. प्रत्येक अवयव जास्तीत जास्त तीनदा धुवायचा आणि उठायचं. मन म्हणालं कोरडं राहिलं, तरी उठायचं. वजू तुटला असं नुसतं वाटलं तर तो तुटलेला नाही. तशी ठोस खूण मिळाल्याशिवाय नमाज सोडायची नाही, असं हदीसमध्येच आहे. शेवटी ते मामांना म्हणाले, “इसको डॉक्टर को भी बताओ.” कलबुर्गीच्या डॉक्टरांनी याला ओसीडी म्हटलं, गोळ्या दिल्या आणि शिकवलं तेही जवळपास तेच: शंका आली तरी पुन्हा धुवायचं नाही, अस्वस्थ वाटू द्यायचं, ते आपोआप उतरतं.

नंतर मी यावर वाचत गेले तेव्हा कळलं की ही काही आजची हुशारी नाही. बगदादच्या इब्न अल्-जौझींनी बाराव्या शतकात ‘तल्बीस इब्लिस’ नावाचा अख्खा ग्रंथ लिहिला, इब्लिस माणसाला कसा फसवतो यावर. त्यात चोर-दारुड्यांपेक्षा विद्वान, भक्त आणि वैरागी यांच्यावरच त्यांनी जास्त शाई खर्च केलीय; वजूत पाणी वाया घालवत बसणारेही त्यात आहेत. त्याच्याही आधी अबू झैद अल्-बल्खी या विद्वानाने (मृत्यू ९३४) शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला आणि मनात घोळत राहणाऱ्या नकोशा विचारांना त्यात स्वतंत्र जागा दिली.

आणि आमच्याकडे? संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये मानरेसाला होते तेव्हा जुनी पापं पुन्हापुन्हा कबूल करायचे. एखादं राहिलं असेल या शंकेने त्यांना जीव नकोसा झाला होता. शेवटी, झालेल्या गोष्टींचं पापनिवेदन पुन्हा करायचं नाही असं ठरवल्यावर ते सुटले. पुढे ‘आध्यात्मिक साधना’ लिहिताना त्यांनी एक नियम सांगितला: वैरी एखाद्या लबाड प्रियकरासारखा असतो, आपलं बोलणं गुप्त राहावं अशी त्याची धडपड असते, ते शहाण्या माणसापुढे उघड केलं की त्याचं बळ संपतं. मला दडी मारणारा खन्नास आठवला. मैत्रीण चार महिने एकटीच ऐकत होती ते तिने मोठ्याने सांगितलं, आणि तिथूनच ती सावरायला लागली.

भक्तीच्या दारातून शिरणारा सैतान हा विषय बंदे नवाजांच्याही अभ्यासातला असणार. दिल्लीहून निघून १४००च्या सुमारास ते गुलबर्ग्याला आले आणि १४२२ मध्ये तिथेच वारले. ऐनुल् कुजात हमदानी या इराणी सूफीच्या ‘तम्हीदात’ ग्रंथावर त्यांनी भाष्य लिहिलं. ११३१ मध्ये देहदंड झालेल्या या हमदानींनी, आणि त्यांच्याआधी मन्सूर हल्लाजने, इब्लिसकडे एका विलक्षण नजरेने पाहिलं: अल्लाहवाचून कुणापुढेच झुकायचं नाही म्हणून शिक्षा पत्करणारा हट्टी प्रियकर. बहुसंख्य उलेमांना हे मान्य नाही, आणि खालाला सांगितलं तर ती ‘लाहौल’ म्हणून मला ओट्यावरून उठवेल. पण या वाचनाने माझ्या एक गोष्ट लक्षात आली. इब्लिस नास्तिक नव्हता. त्याचं ईश्वराशी भांडण नव्हतंच मुळी. त्याला समोरचा मातीचा माणूस चालत नव्हता.

म्हणून ‘ते लोक सैतान आहेत’ असं कुणी सहज म्हणतं तेव्हा मला त्रास होतो. आमच्या सीमाभागात असं म्हणायला भाषा, जात, धर्म, काहीही पुरतं. ‘मी याच्यापेक्षा श्रेष्ठ’ हे त्या गोष्टीत इब्लिसचं वाक्य आहे.

दुसऱ्या टोकाला, ‘माझ्या अंगात सैतान आला होता’ ही पळवाटही इस्लाममध्ये बंद आहे. कुराणाच्या चौदाव्या सुरेत न्यायाच्या दिवसाचं एक जबरदस्त दृश्य आहे. तिथे शैतान स्वतःच आपल्या अनुयायांना सांगतो की माझी तुमच्यावर काही सत्ता नव्हती, मी नुसतं बोलावलं, तुम्ही आलात. आता मला दोष देऊ नका, स्वतःला द्या. हजला गेलेले लोक मीनाला तीन भिंतींना खडे मारतात, पहिल्या दिवशी एकीला सात, पुढचे दोन दिवस तिन्हींना सात-सात, असे एकूण ४९, आणि एक दिवस जास्त थांबलं तर ७०. खालाचे वडील हजहून आल्यावर आम्ही पोरांनी विचारलं होतं, “लागला का शैतानाला?” ते म्हणाले, “उसको कायको लगता? अपने अंदर का निकालने को मारते.”

रमजानमध्ये शैतानांना साखळदंड घालतात असं हदीस सांगते. मग रमजानमध्येही भांडणं का होतात, हा माझा आठवीतला प्रश्न. खाला इफ्तारची भजी तळत होती. वर न बघता म्हणाली, “शैतान बंद है बेटा, नफ्स तो खुल्ला है ना!” नफ्स म्हणजे आपलं आतलं ‘मी’, हपापलेलं.

ईस्टरच्या आदल्या रात्री आमच्या मिस्सेत फादर आम्हाला विचारतात, तुम्ही सैतानाचा त्याग करता का? सगळं चर्च एका सुरात ‘होय’ म्हणतं. मी पूर्वी तो ‘होय’ सवयीने म्हणायचे. गेली तीन वर्षं त्या क्षणी मला दोन बादल्या आणि सालं निघालेले हात दिसतात, आणि मी जरा थांबून म्हणते.

मैत्रीण आता कलबुर्गीला बी.एड. करतेय. तिचा वजू पाच मिनिटांत होतो. परीक्षा जवळ आली की दहा. तेव्हा ती मला फोन करते, मनात काय काय आलं ते सगळं मोठ्याने सांगते, आणि नमाजाला उठते.