मिसळीच्या पुढचं कोल्हापूर

कोल्हापूरचा वीकएन्ड म्हटलं की प्लॅन ठरलेलाच असतो. पहाटे पुणं सोडायचं, पोचल्या पोचल्या मिसळ, मग अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. परतताना डिकीत गूळ आणि चपला. मीही चार-पाच वेळा हेच केलंय. या वेळी मात्र कोल्हापूरच्या मित्राने अट घातली. ‘मिसळ खाऊया की! पण आधी दसरा चौकात चल. गाडी ठेव, चालत जायचं.’

दसरा चौक तुम्ही नक्की पाहिला असणार. मधोमध राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे, आपण त्याला वळसा घालून पुढे जातो. एकदा थांबा आणि आजूबाजूच्या पाट्या वाचा. दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, सारस्वत बोर्डिंग, पलीकडे लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठ. एका चौकात इतकी बोर्डिंग्ज कशाला? कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात, ते उगाच नाही.

शाहू महाराजांना एक साधी गोष्ट कळली होती. खेड्यातल्या पोराला शाळेची फी माफ केली तरी तो शिकणार कसा? राहायचं कुठे, जेवायचं काय? 1896 मध्ये सगळ्या जातींसाठी म्हणून एक वसतिगृह निघालं, पण प्रत्यक्षात ते एकाच जातीच्या मुलांचं होऊन बसलं. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. 1917 मध्ये तर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! देशभरात शिक्षणाचा हक्क कायद्याने लागू व्हायला 2010 साल उजाडलं.

‘पण जातवार बोर्डिंग?’ मी विचारलंच. मित्र हसला. हा प्रश्न इथल्याच एका विद्यार्थ्यालाही पडला होता. त्याचं नाव भाऊराव पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना आपलं वसतिगृह सोडावं लागलं, असं सांगतात. पुढे याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी असं बोर्डिंग सुरू केलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. त्याला नाव दिलं शाहू महाराजांचंच. कष्ट करून शिकणाऱ्या पोरांसाठी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्रही भाऊरावांचाच.

मिसळ झाली. मला वाटलं, टूर संपली. मित्राने गाडी शहराबाहेर काढली.

दिवाळीनंतर पावसापर्यंत कोल्हापूरच्या आसपास वीटभट्ट्या पेटलेल्या असतात. मजूर लांबून येतात. राहायला खोपी, तीही त्याच विटांची. चिखल-सिमेंट काही नाही, विटेवर वीट रचलेली आणि वर पत्रा. भट्टी संपली की ‘घर’ही विकलं जातं!

आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कच्च्या विटा वाळायला उलट्या करत होती. कडेवर धाकटा भाऊ.

‘शाळेत जातेस?’

‘गावाकडं जाते. हितं न्हाई.’

‘कितवीत?’

‘दिवाळीपतूर तिसरीत होते.’

या ‘होते’वर काय बोलायचं, मला सुचलं नाही.

इथलं गणित समजून घ्या. मजुरी मिळते हजार विटांमागे, नवरा-बायकोच्या जोडीला. पोराने विटा उलटल्या, चिखल आणून दिला की आकडा वाढतो. हजेरीवर मात्र त्याचं नाव कुठेच नसतं. म्हणून बालकामगार शोधायला गेलं की सापडत नाही. आई-बापांना दोष देणं सोपं आहे. पण उचल फेडायची असते आणि पोराला गावी ठेवायचं तर कुणाकडे?

म्हणजे प्रश्न पुन्हा तोच, 1901 चा. आधी निवारा, मग शाळा.

कोल्हापुरात हे ओळखून काम करणारी संस्था म्हणजे ‘अवनि’. अन्न, वस्त्र, निवारा यांची ही आद्याक्षरं. अनुराधा भोसले यांच्या पुढाकाराने इथे भट्ट्यांवरच मुलांचे वर्ग भरले, ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी निवासाची सोय झाली. अनुराधाताई स्वतः लहानपणी काम करत शिकल्या, म्हणून त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीही हंगामी वसतिगृहं आहेत. आई-बाप कारखान्यावर, पोरं गावी शाळेत. 2021 मध्ये राज्य सरकारने या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आणली. शंभर वर्षांनी आपण फिरून दसरा चौकातच आलोय!

परतीच्या वाटेवर हायवेच्या कडेला नव्या टॉवर्सचे बोर्ड दिसत होते. ‘स्वप्नातलं घर’, टू बीएचके, स्विमिंग पूल. ईएमआय तर मीही भरतोय. माझ्या भिंतीतल्या किती विटा कुणी उलटल्या असतील, हे यापूर्वी कधी मनात आलं नव्हतं.

जाताना लक्षात ठेवा...

कसं जाल: पुण्याहून हायवेने चारेक तास. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. स्टेशनलाही शाहू महाराजांचंच नाव आहे.

काय पाहाल: दसरा चौक, तोही पायी. सकाळी गर्दी कमी असते.

काय कराल: रस्त्यावर, हॉटेलात किंवा भट्टीवर राबणारं मूल दिसलं तर 1098 फिरवा. कॉल फुकट आहे. आणि कुणी ‘दाखला नाही, वर्ष अर्धं संपलं’ म्हणालं तर सांगा, दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं, असं कायदाच सांगतो.

मिसळ? खा की, भरपूर खा! फक्त टेबल पुसायला कोण येतंय, तेवढं बघा.