उटकटाऱ्याचा पत्ता

मैत्रिणींनो, जुन्नरला आपण जातो ते शिवनेरीसाठी. शिवजन्माची जागा पाहायची, शिवाईदेवीची ओटी भरायची की लागलीच परतीची एस.टी.! पण थंडीत गेलात, तर खिडकीतून माळाकडे आणि शेतांच्या बांधांकडेही जरा बघा. काटेरी पानांचं झुडूप आणि त्यावर लिंबाएवढे निळसर-पांढरे चेंडू दिसले, की समजा हा उटकटारा.

उंट याचे काटे चवीनं खातो, म्हणून संस्कृतात हा उष्ट्रकंटक. शास्त्रीय नाव एकिनॉप्स एकिनेटस. आपण जिची कोवळी भाजी करतो, ती करडई याच्याच कुळातली बरं का! जवळून पाहिलंत, तर चेंडू म्हणजे एक फूल नव्हे, कितीतरी इवल्या फुलांचा झुबका आहे, हे दिसेल. ती शेंड्याकडून खाली उमलत जातात. याचं मूळ औषधी मानतात; पण ऐकीव माहितीवर घरी काढा मात्र करू नका.

अशा रानटी झाडाचीही कुणी नोंद ठेवतं का? ठेवतात! पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून आहे. तिथे आणि आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत. फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबायची, कागद बदलत वाळवायची आणि जाड कागदावर चिकटवायची. उटकटाऱ्यासारखा जाड चेंडू असेल, तर तो उभा चिरून घेतात. मग कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. लोणच्याच्या बरणीवर आपण लावतो ना, तशीच! चिठ्ठी नसेल, तर ती फांदी म्हणजे नुसता पाचोळा.

जुन्नर परिसराच्या वनस्पतींवर के. हेमाद्री यांनी १९८० मध्ये पुणे विद्यापीठासाठी अख्खा प्रबंध लिहिला. अशा कामाचं मोल शेजारच्या तालुक्यात गेलं की कळतं. आंबेगाव तालुका आहे, पण त्याची कचेरी घोडेगावला. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. घरं सोडून माणसं वर आली. बांधावरच्या झाडांना कोण उचलून आणणार? गाव बुडण्याआधी कुणी तिथली फांदी वाळवून चिठ्ठी लावली असेल, तर त्या बांधावर काय उगवत होतं, ते आजही सांगता येतं.

पुढच्या सहलीत मुलांच्या हाती एक वही द्या. वाटेवरचं साधं पान दाबून खाली गाव आणि तारीख लिहायला सांगा. शाळेतल्या माझ्या मुली नाव आठवणीनं लिहितात, गाव विसरतात. त्यांना मी आंबेगावची ही गोष्ट सांगते.